मराठवाड्यात जुनी मोजणी यंत्रे घ्यायची तर

टोटल स्टेशन (कोन आणि अंतर एकत्र मोजणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र) आल्यापासून पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळा, पाटबंधारे खात्याची गोदामे आणि खासगी मोजणीदारांची कपाटे रिकामी होत आहेत. डंपी लेव्हल (उंचीतला फरक मोजणारी दुर्बीण), व्हर्नियर थिओडोलाइट (कोन मोजणारी दुर्बीण), प्लेन टेबल (जागेवरच नकाशा काढायचे मेज) लिलावात निघतात. पितळेला भाव असल्यामुळे भंगारवाला यंत्र निदान बाजूला काढतो. जमीन मोजायची लोखंडी साखळी मात्र इतर लोखंडात मिसळून थेट जालन्याच्या भट्टीकडे जाते. म्हणून या भागात संग्रह सुरू करणाऱ्याने थिओडोलाइटच्या आधी साखळी शोधावी, असे आमचे ठाम मत आहे. ती स्वस्त मिळते, दर महिन्याला कमी होत चालली आहे आणि गावोगावच्या सातबाऱ्यामागचा इतिहास तिच्यातच आहे.

साखळी हातात आली की आधी ती कुठली हे ठरवा. गुंटरची साखळी ६६ फुटांची, १०० कड्यांची, प्रत्येक कडी ७.९२ इंचांची. अभियंत्यांची साखळी १०० फुटांची. महसुली मोजणीची शंकू साखळी ३३ फुटांची असते आणि तिचे १६ आणे पाडलेले असतात, म्हणजे एका आण्याला २४¾ इंच. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर. २० किंवा ३० मीटरची साखळी दशमान पद्धत आल्यानंतरची, ती संग्रहात शेवटी घ्या.

साखळी सपाट फरशीवर ताणून स्टीलच्या टेपने मोजा. एका मुठीच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या मुठीच्या बाहेरच्या कडेपर्यंत ३३ फुटी साखळी १०.०६ मीटर भरली पाहिजे. दोन-चार सेंटिमीटर जास्त भरली तर जोडकड्या झिजून उघडल्या आहेत. ती वापराची खूण आहे, त्यासाठी किंमत पाडू नका. कमी भरली तर कड्या वाकल्या असतील किंवा मधला तुकडा गेला असेल. त्यासाठी प्रत्येक आणा वेगळा मोजा. वेल्डिंग करून जोडलेली कडी लगेच ओळखू येते. मुठी पितळी आणि मूळच्या असाव्यात, कारण मोडून विकताना आधी त्याच काढतात. सोबत जमिनीत रोवायचे लोखंडी बाण मिळाले तर ते सोडू नका.

थिओडोलाइटची किंमत त्याच्या वर्तुळावर ठरते. यंत्राचा आकार आडव्या वर्तुळाच्या व्यासावरून सांगतात: पाच इंची, सहा इंची. अंश कोरलेला पट्टा बहुधा चांदीचा असतो आणि रेषा केसासारख्या बारीक असतात. कुणी तो पट्टा ब्रासो पॉलिशने घासला असेल तर रेषा उथळ होतात, कडा बोथट होतात आणि ते नुकसान कधीच भरून येत नाही. भिंग लावून पूर्ण वर्तुळ फिरवून पाहा.

मग पुढची तपासणी करा. वर्तुळावर समोरासमोर दोन व्हर्नियर, म्हणजे अंशाचे बारीक भाग वाचायच्या पट्ट्या असतात. एक व्हर्नियर शून्यावर लावा आणि समोरचा वाचा. तो १८० अंश दाखवायला हवा. हेच ९०, १८० आणि २७० अंशांवर करा. सगळीकडे सारखाच फरक आला तर व्हर्नियर किंचित सरकलेला आहे, काळजी नाही. फरक फिरता फिरता वाढत आणि घटत असेल तर वर्तुळाचे केंद्र आणि आसाचे केंद्र जुळत नाही. यंत्र कधीतरी तिपाईसकट पडले असावे. आस वाकला असेल तर ते शोभेपुरतेच घ्या.

जाम झालेले स्क्रू जोर लावून फिरवू नका. आतले ग्रीस वाळून घट्ट झालेले असते. केरोसीनचे दोन-तीन थेंब टाकून यंत्र रात्रभर ठेवा. तेवढ्याने सुटले नाही तर कारागिराकडे न्या. स्क्रूच्या खाचा चावल्यासारख्या दिसल्या तर आधीच कुणीतरी ते उघडले आहे. पाणसळीचा बुडबुडा सकाळी तपासा. मे महिन्याच्या दुपारी द्रव फुगतो आणि बुडबुडा आखूड होतो, त्यामुळे चांगली नळीही सदोष वाटते. बुडबुडाच नसेल तर नळी तडकून द्रव उडाला आहे. दुर्बिणीतून पाहताना क्रॉस-हेअर (नेम धरायची आतली बारीक फुली) तुटलेली असणे हा मोठा दोष नाही. जुन्या यंत्रांत ती कोळ्याच्या धाग्याची असत आणि पुन्हा बसवता येते. भिंगाच्या कडेला इंद्रधनुषी पट्टे दिसले तर दोन काचा जोडणारा बाल्सम सुटला आहे. जाळीसारखे पांढरे धागे म्हणजे बुरशी. ती काच खात जाते, म्हणून अशा यंत्राला निम्म्याहून जास्त देऊ नये.

प्रिझमॅटिक कंपास (प्रिझममधून दिशेचे अंश वाचायचे होकायंत्र) तपासताना सुई चाकूच्या पात्याने हलवा आणि थांबल्यावर वाचा. तीन वेळा वाचन सारखे आले पाहिजे. नाही आले तर सुई ज्यावर फिरते ते टोक बोथट झाले आहे किंवा त्यावरची अगेट खड्याची टोपी फुटली आहे. ही तपासणी दुकानाच्या शटरजवळ किंवा मोटारसायकलीशेजारी करू नका. आपला काळा बेसॉल्टसुद्धा जागोजागी सुई ओढतो, त्यामुळे उघड्यावरच्या खडकापासून दूर, दोन-तीन ठिकाणी पाहा. लष्करी कंपासवर अंधारात चमकणारा जुना रंग असेल तर त्यात रेडियम असू शकते; तो उघडू नका आणि खरवडू नका.

काळ ओळखायला यंत्र बनवणाऱ्या कंपनीचे नाव उपयोगी पडते. ‘कुक, ट्रॉटन अँड सिम्स’ लिहिले असेल तर यंत्र १९२२ नंतरचे, ‘हिल्गर अँड वॉट्स’ असेल तर १९४८ नंतरचे. कलकत्त्याच्या मॅथेमॅटिकल इन्स्ट्रुमेंट ऑफिसचा शिक्का असेल तर यंत्र सरकारी कामाचे. पुढे १९५७ मध्ये त्याचे नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स झाले. आपल्या भागातल्या यंत्रावर निजाम संस्थानच्या खुणा शोधा. उर्दू अक्षरे, ‘सरकार-ए-आली’ (निजाम सरकार), निजामाच्या रेल्वेची आद्याक्षरे किंवा फसली साल, म्हणजे संस्थानातल्या कालगणनेचे वर्ष, दिसले तर थांबून पाहा. फसली सालात ५९० मिळवले की साधारण इसवी सन येते. १३४७ फसली म्हणजे १९३७-३८. ‘एच.ई.एच.’ (हिज एक्झॉल्टेड हायनेस) ही पदवी निजामाला १९१८ मध्ये मिळाली, त्यामुळे ती कोरलेली वस्तू त्याआधीची असू शकत नाही. अशा खुणेसाठी आम्ही नेहमीच्या यंत्राच्या दीडपट देऊ. मात्र कोरीव अक्षरांतही जुनाच मळ बसलेला हवा, आतले पितळ ताजे पिवळे नको.

बनावट माल कंपास आणि सेक्स्टंटमध्ये (जहाजावरून सूर्य-ताऱ्यांचा कोन मोजायचे यंत्र) जास्त. ‘केल्व्हिन अँड ह्यूजेस, १९१७’ असे कोरलेला कंपास सरळ परत द्या, त्या नावाची कंपनी १९४७ मध्ये झाली. छापील कागदी तबकडी, फुलीच्या खाचेचे स्क्रू, शिसवी पेटीवर पितळी नक्षी, या तिन्ही खुणा शोभेच्या मालाच्या.

भाव ठरवताना खालची मर्यादा आधी काढा: पेटीशिवाय वजन करा आणि त्या दिवशीच्या पितळाच्या भावाने गुणा. विकणारा त्याखाली येणार नाही. वरच्या मर्यादेसाठी ऑनलाइन लिलावात विकून झालेल्या किमती पाहा. मागितलेल्या किमतींना अर्थ नाही. मग वजावट करा. आमचा ठोकताळा असा: मूळ पेटी नसेल तर चौथाई कमी, तिपाई नसेल तर आणखी थोडे. पेटीवरचा आणि यंत्रावरचा क्रमांक जुळला तर वजावट अजिबात नको. पेटीत ओळंबा, सन-शेड, जुळवणीच्या पिना आणि भिंग आहे का पाहा. झाकणाच्या आत दुरुस्ती करणाऱ्याचे लेबल असेल तर ते काढू नका. मूळ लाखेचा थर घासून चकाकवलेल्या यंत्राला आम्ही निम्मीच किंमत धरतो, मग ते कितीही सुंदर दिसो.

घरी आणल्यावर मऊ ब्रश आणि कोरडे सुती फडके पुरेसे आहे. स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावू नका, जुनी लाख त्यात विरघळते. चामड्याच्या पिशवीत यंत्र ठेवू नका. पावसाळ्यात चामडे ओल धरते आणि पितळावर हिरवा गंज येतो. पेटीत सिलिका जेल ठेवा, पत्र्याच्या खोलीत पेटी ठेवू नका, उन्हाळ्यात लाकूड फाटते.

सरकारी शिक्का असलेल्या वस्तूची लिलाव पावती मागाच; ती नसेल तर व्यवहार सोडा. शंभर वर्षांपेक्षा जुने यंत्र १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या व्याख्येत येऊ शकते आणि अशी वस्तू खासगी माणसाने परदेशी विकणे कायद्यात बसत नाही. परदेशी ग्राहक जास्त देतो म्हणून घेतलेले यंत्र मग इथेच अडकते.