क्लास आणि ऑब्जेक्ट : आडतीच्या पट्टीवरून सुरुवात

लातूरच्या बाजारातील एका आडत दुकानासाठी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत हिशेबाचा प्रोग्राम लिहायचा आहे, असे धरू. प्रथम पट्टीत, म्हणजे शेतकऱ्याला मिळणाऱ्या विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठीत, काय असते ते कागदावर मांडावे : शेतमाल, वजन, भाव, कपाती. ही माहिती आणि तिच्यावर चालणारी कामे यांचा एकत्र आराखडा म्हणजे क्लास. त्यावरून तयार झालेली 12 क्विंटल सोयाबीनची किंवा 5 क्विंटल तुरीची प्रत्यक्ष नोंद म्हणजे ऑब्जेक्ट. ही कल्पना 1960च्या दशकात नॉर्वेतील सिम्युला भाषेत आकाराला आली.

क्लासमधील प्रत्येक कामाला मेथड म्हणतात. मग ‘पट्टी’ क्लासमध्ये इनिट (__init__) मेथड लिहावी. ऑब्जेक्ट तयार होताच ती आपोआप चालते आणि वजन, भाव ‘सेल्फ’वर नोंदवते. नवशिके बहुधा इथेच अडखळतात. ज्या ऑब्जेक्टवर मेथड बोलावली तेच ऑब्जेक्ट म्हणजे सेल्फ, त्यामुळे ‘रक्कम’ ही एकच मेथड सोयाबीनच्या वजनाला सोयाबीनच्याच भावाने गुणते. कपातींची यादी मात्र थेट क्लासमध्ये न लिहिता इनिटमध्येच तयार करावी. अन्यथा ती सर्व ऑब्जेक्टांना सामाईक राहते आणि एका शेतकऱ्याची हमाली दुसऱ्याच्या पट्टीत उमटते, जे कोणताही शेतकरी खपवून घेणार नाही. पडताळणीसाठी दोन ऑब्जेक्ट तयार करून एकाच्याच यादीत हमाली घालावी आणि दोन्ही याद्या छापून पाहाव्यात.