स्लाइस जाईना? आधी चेंडू कसा उडतो ते बघा

तोपखान्यात माझी बरीचशी नोकरी हवामानाच्या तुकडीत गेली. फुगा सोडायचा, वरचा वारा, तापमान, दाब मोजायचा आणि तोफांना कळवायचं, म्हणजे ते नेमात तेवढी दुरुस्ती करतात. निवृत्तीनंतर देवळालीतच घर केलं. आता सकाळी रेंजवर, म्हणजे गोल्फच्या सरावाच्या मैदानावर, नव्या लोकांना गोल्फ शिकवतो. दहातले आठ जण एकच तक्रार घेऊन येतात: “सुभेदारसाहेब, बॉल उजवीकडे पळतो.” यालाच स्लाइस म्हणतात. मी विचारतो, निघाला कुठे? वळायला कधी लागला? उंच किती गेला? यावर गप्प. कारण त्यांनी बघितलेली असते फक्त चेंडू पडला ती जागा. गोळा कुठे पडला यावरून तोफेचा नेम दुरुस्त करता येतो, कारण तोफ दर वेळी तीच असते. आपला स्विंग, म्हणजे क्लब नावाची काठी फिरवणं, दर वेळी वेगळा. दोन वेगळ्या चुका करून चेंडू त्याच झुडपात जाऊ शकतो. म्हणून इथे चेंडू कोणत्या वाटेने गेला ते बघायचं असतं.

तर पहिलं काम. एखादा सोबती किंवा क्लबची पिशवी वाहणारा कॅडी तुमच्या मागे, लक्ष्याच्या सरळ रेषेत, दहा-बारा पावलं लांब उभा करा. त्याने तीन गोष्टी मोठ्याने सांगायच्या: निघाला कुठे, वळला कुठे, उंची किती. तुम्ही स्वतः बघायला जाल तर डोकं लवकर वर येईल आणि फटका आणखी बिघडेल.

आता त्याचा अर्थ. क्लब आणि चेंडू एकमेकांना लागून असतात ते सेकंदाचा साधारण दोन हजारावा भाग. एवढ्या वेळात मनगट वळवून काही साधत नाही, जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. त्या क्षणी क्लबचा चेहरा, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, जिकडे बघतोय, चेंडू जवळजवळ तिकडेच निघतो. ड्रायव्हरला, म्हणजे सर्वांत लांब मारायच्या क्लबला, हे जास्त लागू, आयर्नला, म्हणजे लोखंडी पात्याच्या क्लबला, थोडं कमी, पण दोन्हीत चेहऱ्याचाच शब्द चालतो. जुन्या मंडळींनी आम्हाला शिकवलं होतं की चेंडू स्विंगच्या दिशेने निघतो आणि मग चेहऱ्याकडे वळतो. रडारने चेंडू मोजायला लागल्यापासून ते मोडीत निघालं, तरी क्लबहाउसच्या चहावर अजून तेच ऐकू येतं.

चेंडू वळतो तो चेहरा आणि स्विंगची वाट, म्हणजे क्लब ज्या दिशेने जातो ती, यांच्यातल्या कोनामुळे. वाट डावीकडे जातेय आणि चेहरा त्या वाटेच्या उजवीकडे बघतोय, तर चेंडू उजवीकडे वळणार. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे निघून उजवीकडे वळला, तर चेहरा लक्ष्याच्या डावीकडे होता, पण वाट त्याहूनही डावीकडे होती. सरळ निघून उजवीकडे वळला, तर चेहरा लक्ष्यावर होता, दोष वाटेचा. उजवीकडेच निघून आणखी उजवीकडे गेला, तर आधी पकड सुधारा, कारण चेहरा उघडा, म्हणजे उजवीकडे बघणारा, येतोय. डावखुऱ्यांनी हे सगळं उलट वाचावं.

माझ्याकडे एक निवृत्त बँक मॅनेजर येतात. चेंडू उजवीकडे जातो म्हणून ते पाय डावीकडे वळवून उभे राहायचे. हिशोबी माणूस, वजाबाकी बरोबर वाटत होती. पण पाय डावीकडे वळले की स्विंगही डावीकडे जातो, चेहरा मात्र होता तिथेच, लक्ष्याकडे. कोन वाढला, म्हणजे वळणही वाढलं. मग ते आणखी डावीकडे वळायचे. शेवटी पुढच्या टीवरचे, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरचे, लोक ओरडायला लागले.

त्यांना जे करायला लावलं तेच तुम्हीही करा. पायांच्या रेषेत एक क्लब जमिनीवर आडवा ठेवा आणि तो खरंच लक्ष्याला समांतर आहे का ते मागे जाऊन बघा. चेंडूच्या पलीकडच्या बाजूला आणि वीतभर मागे रिकामी प्लास्टिकची बाटली उभी करा. क्लब बाहेरून आत येत असेल तर आधी बाटलीला लागेल. बाटली पडायची थांबली की वाट सुधारली. मग पकड: डावा हात थोडा उजवीकडे फिरवून धरा, वरून बघताना त्या हाताची दोन-तीन बोटांची पेरं दिसली पाहिजेत. चेहरा बंद व्हायला मदत होते. दोन्ही एकाच दिवशी बदलू नका, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळणार नाही.

वाट नीट, चेहरा नीट, तरी ड्रायव्हर वळतोच, असंही होतं. तेव्हा चेंडू चेहऱ्यावर कुठे लागतोय ते बघा. व्हाइटबोर्डच्या मार्करने चेंडूवर जाड रेघ ओढा, रेघ क्लबकडे करून टीच्या खुंटीवर ठेवा आणि मारा. चेहऱ्यावर रेघेचा ठसा उमटतो. ठसा टाचेकडे, म्हणजे दांडीजवळ, आला तर चेंडूला उजवीकडे वळवणारी फिरकी मिळते, टोकाकडे आला तर डावीकडची. ड्रायव्हरचा चेहरा किंचित फुगीर असतो, तो याच फिरकीची भरपाई म्हणून. ठसा खूप खाली आला तर फिरकी वाढते आणि चेंडू वर चढून तिथेच दम सोडतो. ठसा अंगठ्याने पुसता येतो, पण दोन-तीन फटक्यांचे ठसे पुसू नका, एकमेकांशेजारी बघा. एकाच जागी घोळका असेल तर उभं राहण्याचं अंतर बदला. विखुरलेले असतील तर अंतराला हात लावू नका, आधी स्विंगचा जोर कमी करा.

आता उंचीकडे येऊ, कारण नव्या माणसाची दुसरी खोड म्हणजे चेंडू खालून उचलायला जाणं. चेंडू वर जातो तो क्लबच्या लॉफ्टमुळे, म्हणजे चेहरा मागे कलल्याच्या कोनामुळे, आणि मागे फिरणाऱ्या फिरकीमुळे, ज्याला आपण बॅकस्पिन म्हणतो. मागे फिरणाऱ्या चेंडूचा वरचा भाग हवेच्या वाहण्याच्या दिशेनेच फिरत असतो, खालचा उलट. त्यामुळे वरची हवा चेंडूला जास्त वेळ चिकटून राहते, खालची लवकर सुटते आणि चेंडूमागचा सगळा झोत खाली ढकलला जातो. चेंडूने हवा खाली ढकलली, म्हणजे हवेने चेंडू वर ढकलला. याला मॅग्नस परिणाम म्हणतात. माग्नुस हे जर्मन शास्त्रज्ञ 1852 साली त्याच्या मागे लागले ते तोफगोळे वाकडे का जातात ते शोधायला, आणि त्यांच्याही शंभरेक वर्षं आधी इंग्लंडच्या बेंजामिन रॉबिन्सने फिरणारी गोळी वळते हे दाखवलं होतं. त्यामुळे हा विषय मूळचा आमच्या खात्याचा. फक्त आजच्या तोफेचा गोळा नाकाच्या रेषेत फिरतो, त्याचं एका बाजूला सरकणं वेगळ्या कारणाने होतं. ते इथे लावू नका.

गोल्फमध्ये हे ओळखलं एडिंबराच्या प्राध्यापक टेट यांनी, 1890 च्या दशकात. त्यांचा मुलगा फ्रेडी पट्टीचा गोल्फर, 1896 आणि 1898 चा ब्रिटिश अमॅच्युअर विजेता. टेट यांनी चेंडूला लांब फीत बांधली, चेंडू मारायला लावला आणि फितीला किती पीळ पडले ते मोजून फिरकी काढली. आज त्याच कामाला लाखोंची यंत्रं लागतात.

ही उचल किती असते? मोठ्या स्पर्धांतले पुरुष व्यावसायिक ड्रायव्हरने मारतात तेव्हा चेंडू ताशी 270 किलोमीटरच्या आसपास निघतो, मिनिटाला सुमारे 2,600 फेरे घेत, जमिनीशी फक्त 11 अंशांच्या आसपास कोन करून. सुरुवातीला हवेची उचल चेंडूच्या वजनापेक्षाही जास्त असते. हवाच नसती तर सर्वांत लांब जायला 45 अंश लागले असते, आणि तोपखान्यातला नवा रंगरूटही तेच उत्तर देईल. इथे 11 अंश पुरतात, कारण उरलेलं काम फिरकी करते. पण हा हिशोब वेगवान स्विंगचा आहे. ज्याचा स्विंग हळू, त्याच्या चेंडूला उचल कमी मिळते, त्याला लॉफ्ट जास्त हवा. साठीच्या माणसाने टीव्हीवर बघून 9 अंशांचा ड्रायव्हर घेऊ नये. 12 अंशांचा घ्या, लाज वाटायचं कारण नाही.

आयर्नची गोष्ट आणखी सोपी. सात नंबरच्या आयर्नने व्यावसायिकाचा चेंडू मिनिटाला 7,000 च्या आसपास फिरतो, वेजने, म्हणजे जास्त लॉफ्टच्या आयर्नने, 9,000 च्या वर. ही फिरकी मिळते ती क्लब अजून खाली उतरत असताना चेंडू लागला तर. म्हणून गवताचा तुकडा, म्हणजे डिव्हट, चेंडू होता त्याच्या पुढून निघाला पाहिजे. चेंडूमागे मातीत खड्डा पडत असेल तर तुम्ही उचलायला जाताय. आणि चेंडूच्या डोक्यावर लागलं की फिरकी उलटी होते, हवा त्याला खाली दाबते आणि तो जमिनीवरून सरपटत जातो.

चेंडूवरचे खळगे, म्हणजे डिंपल, याबद्दल लोक मला सगळ्यात जास्त विचारतात. गुळगुळीत चेंडू लांब जाईल असं वाटतं ना? जवळजवळ निम्माच जातो. गुळगुळीत पृष्ठभागावरची हवेची पातळ थर शिस्तीत वाहते, पण दमही लवकर सोडते. चेंडूच्या मध्यावरच सुटून मागे मोठी पोकळी करते, आणि ती पोकळी चेंडूला मागे ओढते. खळग्यांमुळे तीच थर घुसळली जाते, वरच्या वेगवान हवेतून जोर घेते आणि चेंडूच्या मागच्या बाजूपर्यंत चिकटून राहते. पोकळी लहान, रोध साधारण निम्मा. चेंडूवर बहुधा 300 ते 400 खळगे असतात आणि एकेकाची खोली जेमतेम पाव मिलिमीटर. नखाने चाचपून बघा, मग पुसायची सवय आपोआप लागेल.

हे शोधून कुणी काढलं नाही, खेळणाऱ्यांना दिसलं. 1848 च्या सुमारास गटापर्चाचे, म्हणजे एका झाडाच्या चिकाचे, गुळगुळीत चेंडू आले, पिसं भरलेल्या चामडी चेंडूंपेक्षा कितीतरी स्वस्त. पण नवे कोरे नीट उडेनात, ओरखडे पडलेले जुने मात्र छान जात. मग लोक नवे चेंडू हातोडीने ठोकून खडबडीत करायला लागले. आजच्यासारख्या खळग्यांचं पेटंट इंग्लंडच्या विल्यम टेलरने 1905 साली घेतलं. 1970 च्या दशकात अमेरिकेत पोलारा नावाचा चेंडू निघाला. त्याचे खळगे सगळीकडे सारखे नव्हते, त्यामुळे तो नीट ठेवून मारला की फारसा वळत नसे. मग नियम आला की चेंडू सगळ्या बाजूंनी सारखाच उडला पाहिजे. वजन 45.93 ग्रॅमपेक्षा जास्त नको आणि व्यास 42.67 मिलिमीटरपेक्षा कमी नको, हेही नियमातच. लहान आणि जड चेंडू हवेला जुमानत नाही, म्हणून.

पावसाळ्यात इथल्या मातीत हे खळगे भरून जातात आणि चेंडू स्वतःच पोलाराचा वाईट भाऊ होतो. चिखल उजव्या बाजूला असेल तर चेंडू बहुधा डावीकडे वळतो, डावीकडे असेल तर उजवीकडे. ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक गवतावर, चेंडूची जागा खुणेने राखून तो उचलून पुसता येतो, फेअरवेवर, म्हणजे मधल्या कापलेल्या पट्ट्यात, त्या दिवशी तसा स्थानिक नियम असला तरच. नसेल तर चिखल कुठे आहे ते बघून नेम बदला. ओल्या रफमध्ये, म्हणजे कडेच्या उंच गवतात, आणखी एक फसवणूक होते: चेहरा आणि चेंडू यांच्यात गवत आणि पाणी येतं, फिरकी मरते, चेंडू नेहमीपेक्षा लांब जातो आणि ग्रीनवर थांबत नाही. तिथून एक नंबर कमी जाणारा क्लब (सातऐवजी आठ) घ्या आणि ग्रीनच्या अलीकडे पाडा.

वारा मोजूनच माझं पोट भरलं, तरी थोडक्यात सांगतो. समोरचा वारा जेवढं अंतर खातो तेवढं मागचा वारा देत नाही. समोरून वारा असताना चेंडूला हवा जास्त वेगाने भेटते, आणि उचल व रोध दोन्ही वेगाच्या वर्गाने वाढतात. चेंडू फुगल्यासारखा वर चढतो आणि उभा खाली येतो. जोर लावलात तर फिरकी वाढून आणखी वर चढेल. एक-दोन नंबर लांब जाणारा क्लब (सातऐवजी सहा किंवा पाच) घ्या आणि निवांत मारा.

हवेच्या घनतेचं फार मनावर घेऊ नका. नाशिकचं पठार समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर, त्यामुळे मुंबईच्या मानाने चेंडू इथे दोनेक टक्के लांब जातो, म्हणजे 200 यार्डांत चार यार्ड. गुलमर्गला गेलात तर दहा टक्क्यांच्या आसपास धरा. दमट हवा जड असते हा गैरसमज आहे, पाण्याची वाफ हवेपेक्षा हलकी. निफाडच्या पाऱ्याची बातमी पेपरात येते त्या दिवसांत मात्र पहाटे चेंडू खरंच कमी जातो: हवा दाट झालेली असते आणि चेंडूचा रबरी गाभाही थंडीने आळसावतो. चेंडू खिशात ठेवा. आणि हवा अजिबातच नसेल तर? फेब्रुवारी 1971 मध्ये अंतराळवीर अॅलन शेपर्डने चंद्रावर सहा नंबरच्या आयर्नने चेंडू मारले. तिथे खळगे बिनकामाचे, बॅकस्पिन बिनकामाचा, पण स्लाइसही अशक्य. आमच्या मॅनेजरसाहेबांना ही जागा फार पसंत पडली.

रेंजवर हे सगळं करताना चेंडूची वाट वाचा, अंतर लिहून ठेवू नका. रेंजचे चेंडू मार खायला केलेले असतात, बरेचसे कमी जातात, आणि झिजून त्यांचे खळगेही उथळ झालेले असतात. सात नंबरने आपण किती यार्ड मारतो हे शोधायचं असेल तर कोर्सवर, ज्या चेंडूने खेळता त्याच चेंडूने, वारा पडलेला असताना शोधा.