शिरा राखून वापरा: वारंवार सलाईन लागणाऱ्यांसाठी

थॅलेसेमिया, सिकल सेल, आतड्यांचा क्रोन्स, किमोथेरपी, पुन्हा पुन्हा उलटणारा जंतुसंसर्ग. आजार कोणताही असो, काही वर्षांनी खुर्चीत बसल्यावर पहिला प्रश्न शिरेचाच येतो. सिस्टर दंडाला पट्टा बांधते, बोटांनी चाचपते आणि म्हणते, ‘नस नहीं मिल रही.’ शिरा मोजक्याच असतात आणि एकदा बंद पडलेली शीर बहुतेक वेळा परत पूर्वीसारखी होत नाही. म्हणून आज दिसणाऱ्या शिरा पुढच्या दहा वर्षांसाठी आहेत, असे धरूनच त्या वापरायच्या.

शीर खराब होते म्हणजे नेमके काय होते? शिरेच्या आत पेशींचा अतिशय नाजूक थर असतो. सुई त्याला भोक पाडते आणि आत राहिलेल्या कॅन्युलाचे (शिरेत ठेवायच्या बारीक प्लास्टिक नळीचे) टोक हात हलला की त्यावर घासते. औषध आम्लधर्मी किंवा फार संपृक्त असेल तर तो थर भाजून निघतो. मग सूज येते, गुठळी धरते, भिंत जाड होते आणि शेवटी त्वचेखाली बोटाला लागणारी टणक दोरी उरते. तिच्यातून रक्त वाहत नाही. जंतूंमुळेही हेच होते, पण रोजच्या व्यवहारात घासणे आणि भाजणे हीच मुख्य कारणे.

आधी विचारा: हे शिरेतूनच द्यायला हवे का?

इंदूरमध्ये थकवा आला, जेवण जात नाही, उन्हाचा त्रास झाला, की कोणीतरी ‘एक बॉटल चढवून घे’ असे म्हणतेच, आणि चढवून देणारा दवाखानाही कोपऱ्यावर सापडतो. ज्याला आयुष्यभर सलाईन लागणार आहे त्याने ही बाटली कधीही घेऊ नये. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलिलीटर बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. तेवढ्यासाठी एक शीर खर्ची घालणे परवडत नाही. पाणी पोटात टिकत असेल तर १ लिटर पाण्यात ओआरएसची मोठी पुडी तेच काम करते. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर किती प्यायचे ते डॉक्टरांनी ठरवून दिलेलेच पाळा.

अँटिबायोटिकचेही तसेच. लिनेझोलिड, मेट्रोनिडाझोल, लेव्होफ्लॉक्सासिन, फ्लुकोनाझोल ही औषधे तोंडाने घेतली तरी जवळजवळ पूर्ण शोषली जातात. उलटी थांबली, ताप उतरू लागला की ‘आता गोळीवर येता येईल का?’ हे रोजच्या राउंडला विचारायचे. रक्ततपासण्यांचीही मोट बांधा: तीन डॉक्टरांच्या तीन चिठ्ठ्या असतील तर एकाच वेळी रक्त द्या. कॅन्युला नवी लावतानाच त्यातून रक्त घेता येते, तेवढी एक सुई वाचते. साखर तपासायला बोटाचा थेंब पुरतो.

कुठे आणि किती जाडीची

कॅन्युलाला इथे कोणी वीगो म्हणतात, कोणी इंट्राकॅथ. तिच्या टोपणाच्या रंगावरून जाडी कळते: हिरवी १८, गुलाबी २०, निळी २२, पिवळी २४. आकडा वाढतो तशी नळी बारीक होते. शस्त्रक्रिया, अपघात, कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचे रंगद्रव्य) देऊन सीटी स्कॅन यांना गुलाबी किंवा हिरवी लागते. नेहमीच्या औषधांना निळी किंवा पिवळी पुरते. जाड नळी शीर भरून टाकते, तिच्या कडेने रक्त वाहायला जागा राहत नाही आणि औषध पातळ न होता थेट भिंतीला लागते. म्हणून ‘मोठी लावली की लवकर संपेल’ हा हिशेब शेवटी महाग पडतो. रक्ताची पिशवीदेखील निळ्या नळीतून व्यवस्थित जाते, लहान मुलांना पिवळीतूनही देतात. फक्त पिशवी सुरू केल्यापासून ४ तासांच्या आत संपायला हवी.

सर्वात टिकाऊ जागा म्हणजे मनगट आणि कोपर यांच्यामधला हात. तिथली हाडे आपोआप खपाचीचे, म्हणजे आधाराच्या फळीचे, काम करतात. कोपराची घडी सोपी दिसते म्हणून नवशिके तिथेच जातात, पण हात वाकला की टोक घासते, आणि रक्त काढायची हक्काची जागाही हातची जाते. मनगटाची अंगठ्याकडची बाजू टाळा, तिथून एक मज्जातंतू अगदी वरून जातो. सुई टोचताना विजेचा झटका बसल्यासारखी कळ बोटांत गेली तर ताबडतोब ‘निकालिए’ म्हणा. ती कळ सोसायची नसते. मोठ्या माणसाच्या पायात सलाईन लावणे शेवटचा उपाय, कारण तिथे गुठळीचा धोका जास्त.

क्रम खालून वर. आधी पंजाजवळची जागा, पुढच्या वेळी तिच्या वरची. उलटे केले तर वरच्या ताज्या भोकातून खालून येणारे औषध मांसात झिरपते. किमोच्या औषधांना ही चूक फार जाचते. ज्या हाताने लिहिता-जेवता तो शक्यतो मोकळा ठेवा. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हात टाळा. अशा वेळी तोंडावर एक पक्के वाक्य असावे, आणि ते हिंदीतच असावे, कारण रात्रपाळीच्या सिस्टरशी मराठीत बोलणे क्वचितच जमते: ‘सिस्टर, इस हाथ में सुई और बीपी दोनों नहीं, फाइल में लिखा है।’ आणि ते फाइलच्या पहिल्या पानावर खरोखर लिहून घ्या.

त्या दिवशीची तयारी

शीर म्हणजे पाण्याने भरलेली मऊ नळी. अंगात पाणी कमी असेल तर ती चपटी होते. मे महिन्यात इंदूरचा पारा ४० च्या पुढे जातो. तेव्हा सकाळी रिकाम्यापोटी, रिक्षातून ऊन खात पोहोचलेल्या माणसाची शीर सापडणे कठीणच. पाण्यावर बंधन नसेल तर आदल्या संध्याकाळपासून पीत राहा आणि निघण्याच्या दोन तासांत दोन-तीन पेले घ्या. उपाशीपोटीच्या बहुतेक तपासण्यांना साधे पाणी चालते, तरी प्रयोगशाळेत विचारून घ्या. डिसेंबर-जानेवारीत माळव्याची थंडी शिरा आकसून टाकते. पूर्ण बाह्यांचा स्वेटर आणि हातमोजे घालून जा, ते अगदी शेवटच्या क्षणी काढा.

पोहोचल्यावर कोमट पाण्यात १० ते १५ मिनिटे हात बुडवा किंवा ओल्या कोमट टॉवेलने गुंडाळा. पाणी बाळाला अंघोळ घालू तितके, त्याहून गरम नको. किमोने किंवा मधुमेहाने हाताची जाणीव कमी झाली असेल तर पाणी दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्या. मग हात छातीच्या खाली लोंबता ठेवा आणि मूठ सावकाश उघडमीट करा. शिरेवर चापट्या मारू देऊ नका. दुखले की शीर आकसते आणि रक्त साकळते ते वेगळेच. पट्टा टोचण्याच्या जागेच्या चार बोटे वर बांधतात आणि एक-दोन मिनिटांपेक्षा जास्त ठेवत नाहीत. स्टिरॉइडने कातडी कागदासारखी झाली असेल तर पट्टा बाहीवरून बांधायला सांगा, किंवा पट्ट्याशिवाय प्रयत्न करायला सांगा. नाहीतर सुई लागताच शीर ‘फूट जाती है’.

सुईची धास्ती घेतलेल्या मुलांसाठी लिग्नोकेन-प्रिलोकेनचे मलम (औषधाच्या दुकानात प्रिलॉक्स नावाने मिळते) तासभर आधी लावून वर पारदर्शक पट्टी चिकटवतात. तान्ह्या बाळांसाठी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका. सुरुवातीला त्या मलमाने शीर आकसते, म्हणून पुसल्यानंतर दहा मिनिटे थांबून हात शेकावा.

स्पिरिट किंवा क्लोरहेक्सिडीनने जागा ३० सेकंद घासून पूर्ण सुकू द्यायची असते. सुकल्यावर पुन्हा बोटाने चाचपले तर सगळी मेहनत वाया.

आणि मोजणी. एका व्यक्तीने दोनदा, सगळ्यांनी मिळून चारदा, त्यापुढे नाही. हा जगभर मानला जाणारा संकेत आहे, तो सौम्य शब्दांत पण ठामपणे आठवून द्या. एमवायसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयात गर्दीमुळे हे बोलायला संकोच वाटतो, तरी बोला. दोन प्रयत्न फसले की भूलतज्ज्ञांना किंवा सोनोग्राफीच्या मशीनवर शीर शोधणाऱ्याला बोलवायची विनंती करा. लाल प्रकाशाचा व्हेन फाइंडर फक्त वरवरच्या शिरा दाखवतो, शीर आतून मोकळी आहे की नाही ते त्यावर कळत नाही. सोनोग्राफीत प्रोबने दाबल्यावर जी मिटते ती चालू शीर, जी मिटत नाही तिच्यात गुठळी असण्याची शक्यता. खोल शिरेसाठी लांब कॅन्युला मागा, नेहमीची आखूड नळी काही तासांत निसटते.

बाटली चालू असताना

पोटॅशियम, व्हॅन्कोमायसिन, फेनिटोइन, १० टक्क्यांहून जास्त तीव्रतेचे ग्लुकोज: ही जाळणारी मंडळी. व्हॅन्कोमायसिन पुरेशा पाण्यात मिसळून किमान तासभर चालावे लागते. घरी जायची घाई म्हणून नातेवाईक रोलर (नळीवरचे धार कमी-जास्त करायचे चाक) सोडून धार वाढवतात, हा शिरांवरचा सर्वात मोठा अन्याय. रोलरला सिस्टरशिवाय कोणी हात लावू नये. आग होत असेल तर धार कमी करायला आणि औषध आणखी पातळ करता येईल का ते विचारायला सांगा.

दर औषधाआधी आणि नंतर १० मिलिलीटरच्या सिरिंजने सलाईनचा फ्लश हवा, म्हणजे नळी सलाईनने धुऊन काढायची. लहान सिरिंजने दाब जास्त येतो, शीर फाटू शकते. फ्लश अडला तर जोर लावून ढकलू देऊ नका.

जागा गार, फुगलेली, ताणलेली वाटली तर द्रव बाहेर झिरपतोय. गरम, लाल, शिरेच्या रेषेवर दुखते तर शीर सुजली आहे. दोन्हींत बाटली बंद करून कॅन्युला काढायची, ‘ये बॉटल पूरी होने दो’ मान्य करायचे नाही. अपवाद एकच: डॉक्सोरुबिसिन, व्हिन्क्रिस्टिनसारखे किमोचे औषध बाहेर गेले असेल तर औषध बंद करून नळी तशीच ठेवतात, तिच्यातून उरलेले औषध ओढून काढतात आणि मगच नळी काढतात. पुढचा शेक औषधावर ठरतो: डॉक्सोरुबिसिनला थंड, व्हिन्क्रिस्टिनला गरम. घरी अंदाजाने काही करू नका. सिकल सेलच्या रुग्णाला बर्फ लावूच नका, थंडीने कळा सुरू होऊ शकतात.

काढल्यानंतर

हात सरळ ठेवून कापसाने २-३ मिनिटे दाबा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ५ ते १० मिनिटे. कोपर दुमडून बसायची सवय सोडा, आत रक्त साकळते. वापरात नसलेली कॅन्युला ‘कल काम आएगा’ म्हणून ठेवू नका.

सुजलेल्या शिरेला ओला गरम शेक, १५ ते २० मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा. हात उशीवर उंच. वॉर्डात मॅग्सल्फ-ग्लिसरीनची पट्टी ठेवतात, घरी हेपरिनचे जेल (थ्रोम्बोफोब वगैरे) हलक्या हाताने लावता येते, पण उघड्या भोकावर नाही. मालिश करायचे नाही, कितीही ताण वाटला तरी, कारण आत गुठळी असते. आग काही दिवसांत जाते, टणकपणा जायला आठवडे, कधी महिने लागतात. शीर मऊ होईपर्यंत तिथे पुन्हा सुई नको. सूज नसलेल्या हाताने मात्र रोज मऊ चेंडू दाबत राहा. शिरांना रक्ताचा ओघ मिळत राहतो.

एक वही करा. दोन्ही हातांची बाह्याकृती काढा. प्रत्येक वेळी तारीख, जागा, रंग, औषध, किती दिवस टिकली, का काढली एवढे लिहा. पाच-सहा नोंदी झाल्या की कोणती शीर चालते आणि कोणते औषध ती मारते ते दिसू लागते. नव्या सिस्टरला तीच वही दाखवा.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर

इथे नियम वेगळा आणि कडक. पुढे डायलिसिसचा फिस्टुला (शीर धमनीला जोडून केलेला मार्ग) हाताच्या शिरेतूनच बनतो. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढत असेल तर कमी वापराच्या हाताचा मनगटापासून काखेपर्यंतचा भाग आजपासूनच राखून ठेवा. रक्त आणि सलाईन दोन्ही पंजाच्या मागच्या शिरेतून, म्हणजे वर सांगितलेली हाताची टिकाऊ जागा तुमच्यासाठी नाही. दंडातून घालायची पिक लाइन (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत जाणारी लांब नळी) नेफ्रॉलॉजिस्टला, म्हणजे मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना, विचारल्याशिवाय नको, ती फिस्टुलाची शीर बंद पाडू शकते. फिस्टुला झाल्यावर त्या हाताला बीपीचा पट्टाही नाही.

वरवरच्या शिरा संपत आल्या की

शेवटची शीर जाईपर्यंत थांबू नका. उपचार दोन-चार आठवड्यांचा आणि औषध सौम्य असेल तर दंडातली मिडलाइन, म्हणजे काखेपर्यंतच जाणारी नळी. महिन्यांचा असेल, किंवा औषध जाळणारे असेल, तर पिक. वर्षानुवर्षे अधूनमधून लागत असेल तर छातीच्या कातडीखाली बसवायचा पोर्ट (शिरेतल्या नळीला जोडलेली छोटी डबी), त्यात हुबर नावाची खास सुईच वापरतात, साध्या सुईने त्याची रबरी पडदी चिरते. पोर्ट वापरात नसताना साधारण ४ आठवड्यांनी, पिक आठवड्याने फ्लश करावी लागते. पारदर्शक पट्टी ७ दिवसांनी, गॉजची २ दिवसांनी बदलायची, आणि ओली किंवा सुटलेली पट्टी लगेच.

फ्लशनंतर थंडी वाजून ताप आला, अख्खा हात किंवा मान सुजली, हात निळसर-जड झाला, तर सकाळची वाट न पाहता इमर्जन्सीत जा आणि आपल्या शरीरात लाइन आहे हे दारातच सांगा. पिकची नळी बाहेर कापली गेली किंवा चिरली तर चीर आणि शरीर यांच्यामधला भाग लगेच दुमडून घट्ट पकडा, क्लँप असेल तर लावा. श्वास अडत असेल तर डाव्या कुशीवर आडवे व्हा. नळीवरची पकड न सोडता दुसऱ्या कोणाला १०८ ला फोन करायला सांगा.