झोपायची नाही, उठायची वेळ ठरवा
रात्री दहाला झोपायचं असं मी वर्षानुवर्षं ठरवत आले आणि बारापर्यंत छताकडे बघत पडत आले. झोप हुकमाने येत नाही, उठणं मात्र आपल्या हातात असतं. म्हणून उठायची एकच वेळ पक्की करा, सुट्टीच्या दिवशीही तीच. माझी सहाची. उठल्यावर आधी १५-२० मिनिटं बाहेर उजेडात थांबा. बहुतेकांचं आतलं घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित लांब चालतं, सकाळचा उजेड ते रोज जुळवून देतो. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा, गजराचं साधं घड्याळ घ्या. (माझं इतकं टिकटिकतं की मोज्यात गुंडाळून ठेवते!) पहिला आठवडाभर दुपारी डोळे मिटतील. डुलकी काढा, पण २० मिनिटांचीच, आणि तीननंतर नको.