दोन काळांतल्या दोन चाली शेजारी ठेवून कशा ऐकाव्यात

नाट्यसंगीत मनापासून ऐकणाऱ्यांनाही ‘भास्करबुवा बखले आणि जितेंद्र अभिषेकी या दोन संगीतकारांच्या चालीत फरक काय?’ असं विचारलं, की उत्तर बहुधा गायकाबद्दल येतं. बालगंधर्वांचा गोडवा, वसंतरावांची तान. चाल बाजूलाच राहते. ती ऐकायला शिकता येतं, आणि त्यासाठी गाता यायलाच हवं असं नाही. निवांत सकाळ, वही-पेन्सिल आणि मोबाइलवरचा तानपुरा एवढं पुरे.

१. जोडी जुळवा

गाण्यांचा प्रकार एक आणि काळ वेगळा, अशी जोडी घ्या. अभंग आणि लावणी शेजारी ठेवलीत तर फरक प्रकाराचा दिसेल, संगीतकाराचा नाही. मी ही दोन पदं सुचवेन. ‘स्वयंवर’मधलं (१९१६) ‘नाथ हा माझा मोही खला’: राग यमन, संगीत भास्करबुवा बखले. आणि ‘ययाति आणि देवयानी’मधलं (१९६६) ‘हे सुरांनो चंद्र व्हा’: राग चारुकेशी, संगीत जितेंद्र अभिषेकी. मध्ये बरोबर पन्नास वर्षं. दोन्ही नाटकांतली पदं, दोन्हींत बाई आपल्या माणसाविषयी गाते. दोन्ही बुवा एकाहून अधिक गुरूंकडे शिकलेले, त्यामुळे तालमीत कोणी कमी-जास्त नाही.

२. आधी कान उघडा

अभिषेकीबुवांच्याच ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये (१९६७) ‘घेई छंद मकरंद’ दोनदा येतं. प्रसाद सावकारांच्या आवाजात संथ, सालगवराळीत; वसंतराव देशपांड्यांच्या आवाजात द्रुत, धानीत. शब्द तेच, संगीतकारही तोच. दोन्ही लागोपाठ ऐका. पहिल्यात भुंगा फुलावर बसल्यासारखा वाटतो, दुसऱ्यात तो या फुलावरून त्या फुलावर जातो. हा फरक शब्दांनी केलेला नाही. चाल म्हणजे काय, हे मला कुठल्याही व्याख्येपेक्षा या जोडीने जास्त समजावलं.

३. गायक वजा करा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. एकच पद किमान तीन गायकांकडून ऐका. ‘नाथ हा माझा’ बालगंधर्वांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकेत ऐका, मग नंतरच्या पिढ्यांतल्या दोघांकडून. एकाने घेतलेली हरकत, म्हणजे सुरांची छोटी चपळ वळणं, दुसऱ्याकडे नसेल, तर ती गायकाची. तिघांकडे मुखडा (पदाची पहिली ओळ) जिथून उठतो, ज्या अक्षरावर समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) येतो, अंतरा ज्या सुरापर्यंत चढतो, ते संगीतकाराचं. वहीत ओळीवर प्रत्येक गायकाची नुसती चढ-उताराची रेघ काढा. तिन्ही रेघा जिथे एकमेकींवर बसतात, तिथे चाल सापडते. यात घाई करू नका. मी कित्येक वर्षं बालगंधर्वांच्या जागा, म्हणजे त्यांनी गाताना घेतलेल्या सुरावटी, बखलेबुवांच्या खात्यावर मांडत होतो.

४. शब्द मोठ्याने वाचा, न गाता

‘नाथ हा माझा मोही खला.’ ना, हा, मा, झा, ला: एवढ्याशा ओळीत पाच आकार! आकार, म्हणजे ‘आ’चा स्वर, हे तानेला मोकळं अंगण. जुन्या नाटकांच्या पुस्तकात पदाच्या वर राग, ताल आणि ‘चाल’ छापलेली असायची, कारण बहुतेक पदं आधीच ठरलेल्या चालीवर किंवा ख्यालाच्या चिजेवर (बंदिशीवर) बेतली जात. म्हणूनच ही ओळ नुसती वाचली तर जरा अडखळते आणि यमनात त्रितालावर ठेवली की डौलात चालू लागते. तिचं वजन सुरांनी पेललेलं आहे.

आता ‘हे सुरांनो चंद्र व्हा’ वाचा. गालगागा गालगा (‘गा’ म्हणजे गुरू, ‘ल’ म्हणजे लघू अक्षर). कुसुमाग्रजांच्या शब्दांना स्वतःची लय आहे. तानपुरा बंद असला तरी ओळ झुलते. शिवाय ‘चंद्र’सारखं जोडाक्षर आकारासारखं ताणता येत नाही. त्या शब्दावर गळा फिरवायचा, तर त्याचा उच्चार जपूनच. अभिषेकीबुवांच्या स्वतःच्या आवाजातलं पद लावा आणि बोट टेकवत एकेका अक्षराला किती सूर मिळतात ते मोजा. मग तसंच ‘नाथ हा माझा’चं मोजा. आकडे शेजारी लिहिले की शब्दाला कुठे थांबवलंय आणि कुठे सुरांवर सोडलंय, ते डोळ्यांनी दिसतं.

५. रागाचा कुठला भाग वापरलाय ते पाहा

यमनात तीव्र मध्यम सोडला तर सगळे सूर शुद्ध. त्याची प्रसन्नता खालपासून वरपर्यंत सलग राहते. ‘स्वयंवर’मधल्या, कृष्णाचा अभिमान वाटणाऱ्या रुक्मिणीला ती शोभते. चारुकेशी कर्नाटक पद्धतीतून आलेला. त्याचा खालचा अर्धा भाग शुद्ध सुरांचा, उजळ. वर गेलं की धैवत आणि निषाद (‘ध’ आणि ‘नी’) कोमल, म्हणजे किंचित उतरलेले, आणि म्हणून व्याकूळ. एकाच रागात चांदणंही आहे आणि विरहही. कोमल धैवत पहिल्यांदा कुठल्या शब्दावर येतो ते शोधून खूण करा. माझ्या मते अभिषेकीबुवांची निवड तिथे कळते. ते रागाचा विस्तार करण्यापेक्षा त्यातला नेमका भाव उचलतात.

६. रंगभूमी लक्षात घ्या

१९१६ साली मायक्रोफोन नव्हता. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत न्यायचा, वन्समोअर घ्यायचे, पद मैफलीसारखं रंगवायचं. चालीत तेवढी जागा ठेवावीच लागे. १९६६ पर्यंत नाटक आटोपशीर झालं होतं आणि गाण्यासाठी कथानक ताटकळत ठेवणं प्रेक्षकांना नको होतं. ‘जुनं लांबट’ किंवा ‘नवं तुटक’ असा शेरा मारण्याआधी हे आठवा. दोघांनी आपापल्या प्रेक्षकांसमोरचा प्रश्न सोडवला आहे.

७. अदलाबदल करून बघा

‘हे सुरांनो’ची ओळ यमनच्या सुरांत गुणगुणा. कोमल धैवत शुद्ध झाला की कुठला शब्द कोरडा पडतो, तो वहीत लिहा. मग ‘नाथ हा माझा’ एका अक्षराला एकच सूर देत, एकही जागा न घेता म्हणा. ‘खला’च्या ‘ला’वर पोचल्यावर गळा आपोआप पुढे जाऊ पाहील. त्याला जाऊ द्या, आणि तो कुठल्या सुरावर थांबतो ते लिहून ठेवा.