मोज्याला भोक आणि अंगात ब्लेझर

२०१८ च्या जूनमध्ये बार्शीहून पुण्यात आलो आणि पहिल्या पगारात मी काय घेतलं असेल, तर ब्लेझर. हातात साडेसोळा हजार यायचे. साडेचार नारायण पेठेतल्या कॉट बेसिसला, म्हणजे खोलीतल्या एका खाटेच्या भाड्याला, तीन मेसला, चार घरी. उरलेल्या पाचातले अठ्ठावीसशे त्या ब्लेझरला गेले. काळा, उजेडात जरासा चमकणारा. काम म्युच्युअल फंडाचं होतं. लोकांच्या घरी जायचं, फॉर्मवर सह्या घ्यायच्या, चेक आणायचे. ज्याच्या हाती लाखाचा चेक द्यायचा तो पोरगा दोन पैसे बाळगून असलेला दिसायला नको का, एवढाच माझा हिशोब.

पहिलं घर प्रभात रोडच्या एका गल्लीत होतं. आजींनी दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "बूट तिकडे रॅकमध्ये." बूट काढला तर उजव्या मोज्यातून अख्खा अंगठा बाहेर. पुढचा पाऊण तास मी डावा पाय उजव्यावर ठेवून बसलो होतो. समोर आजोबा. फिकट निळा सुती शर्ट, धुऊन धुऊन मऊ पडलेला, पण बाहीची घडी जागच्या जागी. चहा संपता संपता त्यांनी माझ्या मनगटाकडे बोट केलं. "हे बाहीवर काय आहे हो?" मी म्हटलं, कंपनीचं लेबल. "ते काढायचं असतं. दुकानात ओळखू यावं म्हणून टाचलेलं असतं."

मी ते मुद्दाम ठेवलं होतं. नाव दिसावं म्हणून!

चेक मिळाला, तो भाग वेगळा. पण परत येताना डेक्कनपर्यंत चालत आलो आणि ब्लेझर हातावर घेतला तो घेतलाच. तेव्हापासून कपड्यांवर कमी पैसे आणि जास्त डोकं घालायला शिकलो. नव्याने नोकरीला लागलेल्या, गावाकडून आलेल्या पोरांना सांगण्यासारखं त्यात बरंच आहे, म्हणून हे लिहितोय.

आधी ब्लेझरचंच सांगतो. पहिलं वर्षभर घेऊ नका. ब्लेझरचा खांदा बसला नाही तर तो दुरुस्त करणं शिंप्यालाही अवघड, आणि केलाच तर पैसे इतके लागतात की त्यात दोन शर्ट शिवून होतील. बाही आखूड होते, कंबर आत घेता येते, खांद्याला मात्र हात लावू नये. स्वस्तातला ब्लेझर आधी तिथेच उघडा पडतो. खांदे आपल्या हाडापुढे लोंबतात आणि आपण मोठ्या भावाचा कोट घातल्यासारखे दिसतो. मुलाखतीला लागलाच तर मित्राचा घ्या, पण मित्र तुमच्या मापाचा निवडा. आणि घेतलाच, तर लेबल काढा, मागच्या चिरेवर पांढऱ्या दोऱ्याची फुली असते तीही उसवा. लग्नाच्या हॉलमध्ये उभं राहून बघा, दहातल्या चौघांच्या पाठीवर ती फुली सापडेल.

आता शर्ट. हा विषय मला रविवार पेठेतल्या एका टेलरकाकांनी शिकवला. कापडगंजाच्या मागच्या बोळात त्यांचं दुकान आहे, दुकान म्हणजे एक मशीन, एक टेबल आणि गिऱ्हाईकाने उभं राहायचं. मी तुळशीबागेच्या बाजूने चाललो असताना पॅन्टची शिवण उसवली म्हणून शिरलो होतो. आजोबांचा तो शर्ट डोक्यातून जात नव्हता, म्हणून काकांना विचारलं, शर्टाचा रंग उडालाय पण कॉलर मात्र नव्यासारखी गडद, असं कसं? काका मान वर न करता म्हणाले, "कॉलर उलटवली असेल. मानेला घासून वरची बाजू विरते, मग उसवायची, फिरवायची, परत लावायची. खालची बाजू उन्हात गेलेलीच नसते. शर्ट तीन-चार वर्षं जास्त जातो." आणि मग, "हल्ली कोण करतं? पैसेवाले करतात."

त्याच दिवशी त्यांनी माझ्या शर्टाच्या आतल्या शिवणीतून एक धागा ओढला आणि काडेपेटीने पेटवला. धागा वितळला, टोकाला काळा टणक मणी. "पॉलिस्टर. सुती असता तर कागदासारखा जळला असता, राख बोटाने उडाली असती." दुकानदार सगळ्यालाच 'प्युअर कॉटन' म्हणतात. दुकानात काडी ओढता येत नाही हे खरं, पण कापड मुठीत दाबून पाच-सहा सेकंदांनी सोडता येतं. अजिबात चुरगळलं नाही तर त्यात सूत फारसं नाही. पॉलिस्टर वाईटच असं नाही. टेरिकॉट, म्हणजे सूत-पॉलिस्टरची भेसळ, कमी चुरगळतं, लवकर वाळतं, पावसाळ्यात पीजीच्या गॅलरीत तेच कामाला येतं. फक्त निव्वळ पॉलिस्टरच्या शर्टात घामाचा वास राहतो आणि धुऊनही पुरता जात नाही. बंद केबिनमध्ये तुमच्या शेजारी बसणाऱ्याला तो तुमच्याआधी कळतो.

तयार शर्ट घेताना मी तीन जागा बघतो. खांद्याची शिवण हाडाच्या टोकाला येते का. पट्ट्यांचा किंवा चौकड्यांचा शर्ट असेल तर खिशावरच्या रेषा खालच्या रेषांना जुळतात का. जुळवून कापायला कापड जास्त लागतं, म्हणून स्वस्तात करणारे ते टाळतात आणि शर्ट दहा फुटांवरून स्वस्त दिसतो. म्हणून बजेट कमी असेल तर साधा, एकरंगी शर्ट घ्या, जुळवायची भानगडच नाही. तिसरी जागा टाक्यांची. बाजूच्या शिवणीवर एका इंचात किती टाके आहेत ते मोजा. पंधरा-सोळा असतील तर डोळे मिटून घ्या. आठ-नऊच असतील तर दोन धुण्यांनंतर काखेत भेटू.

खरा फायदा शिवून घेण्यात आहे. मोठ्या पन्ह्याचं, म्हणजे जास्त रुंदीचं, कापड असेल तर शर्टाला १.६० मीटर पुरतं, पॅन्टला सव्वा मीटर. माझ्यासारखा सहा फुटी असाल तर जरा जास्त. कापडगंजात तुकडे मिळतात, लक्ष्मी रोडपेक्षा बरेच स्वस्त, फक्त दोन दुकानांत भाव विचारल्याशिवाय घेऊ नका. सुती कापड शिवायला टाकण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा. मी पहिल्यांदा भिजवलं नाही. पहिल्याच धुण्यात बाही मनगटाच्या वर चढली आणि शर्ट धाकट्या भावाला गेला. टेलरला एक वाक्य आवर्जून सांगा: "काका, माया जास्त ठेवा." पॅन्टच्या मागच्या शिवणीत इंच-दीड इंच कापड दुमडलेलं असलं की पुढे पोट सुटलं तरी पॅन्ट टाकावी लागत नाही. मेसच्या जेवणावर पोट सुटणार नाही असं वाटतं, पण नोकरीत दुसऱ्या वर्षी सुटतं. माझं सुटलं. तयार पॅन्टला ही सोय बहुधा नसते.

पॅन्टची लांबी हा पुण्यातल्या निम्म्या तरुणांचा प्रश्न आहे. खाली घोट्याशी चुण्यांचा ढीग असला की दहा हजारांची पॅन्टही उसनी वाटते. बुटावर जेमतेम एक हलकी मुडप पडावी, बस. दुकानातून घेतलेली पॅन्ट थेट घालू नका. थोडक्या पैशांत बॉटम होतो, म्हणजे लांबी कापून खालची पट्टी दुमडून मिळते, आणि मशीनची शिवण बाहेर दिसू नये म्हणून हाताने तुरपाई करा म्हणावं. थोडे जास्त घेतील. द्या.

रंगांच्या बाबतीत माझं सरळ मत आहे. गडद निळी आणि करडी अशा दोन पॅन्टी, त्यांवर फिकट निळे, पांढरे, एखादा फिकट गुलाबी असे पाच शर्ट. सगळे सगळ्यांवर जातात. काळी पॅन्ट नको, पुण्याची धूळ तिच्यावर टूव्हीलरवरून उतरायच्या आत दिसते. शिवाय गडद पॅन्टीवर थेट इस्त्री फिरवली की मांडीवर आणि खिशापाशी चकाकी येते, ती जात नाही. वर ओला पंचा टाकून इस्त्री करायची. इस्त्रीवाल्याला सांगून बघा, काही ऐकतात, काही "होतंय की व्यवस्थित" म्हणतात. माझ्या इस्त्रीवाल्याने एक पॅन्ट अशीच आरसा केल्यावर मी सातशेची इस्त्री घेतली.

धुण्याबद्दल थोडक्यात. भिजवण्याआधी कॉलर आणि कफला साबण चोळून दहा मिनिटं ठेवा, मग ब्रशने रगडावं लागत नाही. कॉलर ब्रशनेच विरते. शर्ट उलटा करून सावलीत, हँगरवर, जोरात झटकून वाळत घाला. अर्धी इस्त्री तिथेच होते. किंचित ओलसर असताना इस्त्री केली तर उरलेली पाच मिनिटांत.

बूट. पैसे खर्च करायचेच असतील तर इथे करा. रेक्झिनचा बूट पहिल्या दिवशी चामड्यापेक्षाही चकचकीत असतो आणि दुसऱ्या पावसाळ्यात त्याचे पापुद्रे सुटतात. एक चामड्याचा तपकिरी जोड, त्याच रंगाचा पट्टा. रोज तोच जोड घालू नका. एक दिवस आड घातला तर आतला घाम वाळतो, बूट टिकतो. भिजला तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि सावलीत ठेवा. उन्हात किंवा हीटरसमोर ठेवलात तर चामडं तडकतं. जून ते सप्टेंबर मी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये बूट ठेवतो आणि गाडीवर सँडल घालतो.

आणि मोजे. पुण्यात, म्हणजे घरी जाऊन करायच्या कुठल्याही कामात, बूट दाराबाहेर राहतात. साहेबांना तुमचे बूट नव्हे, मोजे दिसणार आहेत. एकाच रंगाचे सहा जोड एकदम घ्या. एकाला भोक पडलं तर तो फेकायचा, उरलेल्याचा दुसऱ्याशी जोड लागतो. हे इतकं साधं आहे, पण मला ते कळायला एक अंगठा खर्ची पडला.

खरेदीच्या जागांबद्दल लोक फार विचारतात. मंडईला २०२४ पासून मेट्रो थांबते, तेव्हा लक्ष्मी रोड, तुळशीबाग, रविवार पेठ हे एका फेरीत पायी होतं. कॅम्पातली फॅशन स्ट्रीट मजेची आहे, टी-शर्ट, शॉर्ट्स तिथून घ्या, सांगितलेल्या भावाच्या निम्म्यावरून सुरू करा. पण छातीवर मोठ्ठा लोगो असलेलं काही घेऊ नका. तो खरा नाही हे विकणाऱ्याला, तुम्हाला आणि बघणाऱ्यालाही माहीत असतं. जंगली महाराज रोडवर फिरायला जावं, खरेदीला नाही, निदान पहिल्या वर्षी.

मुलींच्या कपड्यांवर बोलायचा माझा अधिकार नाही, तरी आमच्या ऑफिसातल्या एका ताईंचं सांगतो, कारण आम्हा सगळ्यांत त्याच सगळ्यात रुबाबदार दिसायच्या आणि पगार माझ्याएवढाच. चार सुती कुर्ते, सगळे गडद आणि एकरंगी, प्रत्येकाला अस्तर लावून घेतलेलं. अस्तरामुळे कुर्ता अंगाला चिकटत नाही आणि त्याला वजन येतं, म्हणून तो महाग वाटतो, असं त्या म्हणायच्या. तुळशीबागेतून कानातलं घ्यायच्या, पण एका वेळी एकच काहीतरी अंगावर. सणाला आईची जुनी नारायणपेठ साडी, नवीन फॉल-पिको केलेली, खळ घालून कडक. पोरी विचारायच्या, कुठून घेतली?

माझ्या बाबतीत तसं झालं ते घड्याळाचं. मी बाराशेचं सोनेरी घड्याळ घालायचो, सहा महिन्यांत त्याचा मुलामा मनगटावर उतरला. दिवाळीला घरी गेलो तेव्हा वडिलांनी त्यांचं चावीचं एचएमटी दिलं. त्या कंपनीने २०१६ मध्येच घड्याळं बनवणं बंद केलं होतं. काच पॉलिश आणि नवा चामडी पट्टा, साडेतीनशे रुपये झाले. त्यानंतर चेक देताना तीन वेगवेगळ्या माणसांनी ते घड्याळ हातात घेऊन बघितलंय.

हप्त्यांवर कपडे घेऊ नका. यापुढे त्यावर काही लिहीत नाही.

गेल्या महिन्यात माझा पहिला शिवलेला फिकट निळा शर्ट कॉलरच्या घडीवर विरला. काकांकडे घेऊन गेलो. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, कॉलर उजेडाकडे धरली, अंगठा फिरवला.

"उलटवू?"

मी म्हटलं, उलटवा.

"गुरुवारी न्या."

शनिवारी मिळाला.