कॉम्प्युटरला प्रवेश तर मिळतो, मग मुली गळतात कुठे?

अमेरिकेत 1984 च्या सुमारास कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीधरांत 37 टक्के मुली होत्या, पुढे त्या निम्म्यावर आल्या. घरात कॉम्प्युटर आला तो बहुतेकदा मुलासाठी, हे त्याचं एक कारण सांगतात. नाशिकच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत मात्र या शाखेला मुली भरपूर दिसतात. गळती लागते ती नंतर.

पहिला धक्का पहिल्याच सेमिस्टरला. अकरावी-बारावीत बायफोकलला (व्यावसायिक विषयाला) कॉम्प्युटर घेतलेल्यांचा प्रोग्राम दहा मिनिटांत चालतो. बाकीच्यांचा अडतो. सी भाषेत दहा आकड्यांच्या ॲरेवर, म्हणजे यादीवर, लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोड) शून्यापासून सुरू केला आणि अटीत ‘दहापेक्षा कमी’ऐवजी ‘कमी किंवा समान’ लिहिलं, की तो अकराव्यांदा फिरतो आणि गार्बेज व्हॅल्यू, म्हणजे यादीबाहेरचा भलताच आकडा, छापतो. यावरून ‘मला डोकंच नाही’ असं ठरवून मोकळं होऊ नका. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने नवख्यांची तुकडी वेगळी केली, प्रवेशात आधीच्या कोडिंगला कमी महत्त्व दिलं; तिथे कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश घेणाऱ्यांत 1995 मधल्या 7 टक्के मुली 2000 मध्ये 42 टक्के झाल्या. इथे तशी तुकडी नसेल तर प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी प्रोग्राम घरी स्वतः टाइप करा. मैत्रिणीची फाइल उतरवली तर सबमिशन होतं, तोंडी परीक्षेत पितळ उघडं पडतं.

खरी मेख शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये आहे. चौघांचा ग्रुप, कोड एका मुलाच्या लॅपटॉपवर, काम रात्री त्याच्या रूमवर. मुलीला हॉस्टेलचं गेट गाठायचं असतं, म्हणून पीपीटी आणि ब्लॅक बुक (प्रोजेक्टचा छापील अहवाल) तिच्या गळ्यात. इंटरव्ह्यूत ‘यातलं तुम्ही काय केलं?’ विचारलं की बोलायला काही उरत नाही. म्हणून विषय ठरतो त्याच दिवशी डेटाबेस किंवा लॉगिनसारखा एक अख्खा भाग मागून घ्या, कोड गिटहबवर (सगळ्यांचा कोड ऑनलाइन एकत्र ठेवायची साइट) ठेवायला लावा आणि कमिट, म्हणजे आपल्या बदलांची तिथली नोंद, स्वतःच्याच खात्यातून करा. ब्लॅक बुकची प्रकरणं चौघांत वाटा.

मग पुणे. नाशिकच्या अंबड-सातपूरला कारखाने भरपूर, सॉफ्टवेअरच्या जागा मोजक्या; पुण्याजवळची आयटी कंपन्यांची हिंजवडी दोनशे किलोमीटरवर. ऑफर लेटर हातात आल्यावर ‘एकटी कशी राहणार?’ हा विषय निघाला तर जॉइनिंगच्या तारखेआधी तो सुटत नाही. त्यापेक्षा तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत पुण्यात इंटर्नशिप धरा, लेडीज हॉस्टेल आईवडिलांना सोबत नेऊन दाखवा. कंपनीच्या फॉर्मवर पसंतीचं ठिकाण नाशिक लिहिलं म्हणून पोस्टिंग नाशिकला मिळेलच असं नाही, हेही घरी तेव्हाच सांगा.